उशाशी कोण होतं

खाटेच्या लोखंडी दांड्यावर अंगठी वाजल्याचा तो आवाज बाबांनी ऐकला, त्याला अकरा वर्षं झाली होती. टक, टक, टक. हाक मारायचं त्राण उरलं नव्हतं, म्हणून अंथरुणाला खिळलेली बायको त्यांना तशीच बोलवायची.

हल्ली ते तिच्याबद्दल लिहीत होते, लेकीनेच बनवलेल्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये. पण तिच्या शेवटच्या दिवसापाशी येऊन 'मी तिच्या उशाशी होतो' असं लिहिलं, की प्रोग्रॅम बंद पडायचा आणि पान जायचं. चारदा झालं. आज दुपारी लेक लॅपटॉप टेबलावर मांडून बसली.

"बाबा, यात कुणीही आपली नवी सोय जोडू शकतं. अशा प्रत्येक जोडणीला कॉम्प्युटरच्या मेमरीत एक खोली मिळते. एखादी आपली खोली सोडून शेजारच्या भिंतीवर लिहायला जाते, आणि अख्खं घर कोसळतं."

"मग?"

"आता प्रत्येक खोलीभोवती कोरी जागा ठेवलीये. तिथे कुणी लिहायला गेलं की पकडायचं, अक्षरं नोंदवायची आणि तेवढ्या जोडणीलाच बाहेर काढायचं. तुमचं पान शाबूत."

"आईवर गेलीस. हरवलेलं सापडेपर्यंत तीही जेवायची नाही."

"लिहा बिनधास्त."

बाबांनी सावकाश ते वाक्य लिहिलं. या वेळी प्रोग्रॅम बंद पडला नाही.

लेक हसली. "सापडली. शुद्धलेखन तपासणारी जोडणी. तिला काढते, आणि खात्रीसाठी बाकीच्याही सगळ्या. लिहा पुन्हा."

त्यांनी पुन्हा लिहिलं. जवळच कुठेतरी लोखंड वाजलं. टक, टक, टक. घरात लोखंडाची खाट नव्हती.

"नोंद आलीये," लेक हळूच म्हणाली. "पण आत आता एकही जोडणी नाहीये..."

लिहिणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी होती. पुढे अडवलेली अक्षरं होती:

'तुम्ही दाराबाहेर होता. मी तीनदा वाजवलं.'

त्या दिवशी तिच्या खोलीत जायचा धीर झाला नव्हता, हे बाबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"बाबा... तुम्हाला ऐकू आलं होतं?"

बाबांनी मान खाली घातली. ते आपलं वाक्य शेवटापासून एकेक अक्षर खोडत गेले.

ती ओळ कोरी झाली. लेकीने लॅपटॉप मिटला. मिटलेल्या लॅपटॉपमधून पुन्हा तीनदा वाजलं.

लेक उठली आणि बाबांना त्या आवाजापाशी सोडून निघून गेली.