लुत्फीसरांचं अर्धं मिनिट

लुत्फीसरांना जाऊन तेहतीस दिवस झाले होते, आणि स्टुडिओत त्यांचा आवाज बोलत होता.

"नर्मीनची फिल्म तिची नाही. हाझिमची आहे. तिला नापास करा." मग गळ्यात अडकणारा तो ओळखीचा खोकला.

तहानीमॅडमनी हातातला चहा खाली ठेवला. अलेक्झांड्रिया विद्यापीठाच्या माध्यम विभागात बावीस वर्षं त्यांनी हाच आवाज मुद्रित केला होता. अलीकडे भरदिवसा जिन्यात त्यांना त्याचा भास व्हायचा, पण आज भास नव्हता.

सरांची नजर अधू झाल्यापासून ते फिल्मवरचे शेरे खिशातल्या रेकॉर्डरवर बोलून ठेवत. हा रेकॉर्डर शिपाई गाबिरकाकांना सकाळी सरांच्या खणात सापडला. शेऱ्यावर तारीख होती सर जाण्याच्या पंधरा दिवस आधीची. एक वाजता निकाल ठरवायला समिती बसणार होती. पहिली येणारी विद्यार्थिनी नर्मीन इथेच शिक्षिका होणार होती. आता तिला विभागातूनच काढणार, आणि दुसरा आलेला हाझिम त्या जागी बसणार.

"मॅडम, मी चोर नाही," दारात उभी असलेली नर्मीन म्हणाली. "मच्छीमारांच्या बायकांत आठ महिने काढलेत मी. पण सर असं बोलले असतील, तर कुणापुढे रडू?"

"रडू नकोस, पोरी. आधी ऐकू दे मला."

त्या गाबिरकाकांकडे गेल्या. काकांनी सरांची खोली उघडली. टेबलावरच्या छोट्या रेडिओवर कुराणपठण चाललं होतं, अगदी हळू.

"दफन करून आलो त्या दिवशीच लावलाय," काका म्हणाले. "चाळीस दिवस बंद करायचा नाही. मेलेल्याची खोली मुकी ठेवू नये."

"इथं कोण कोण आलं?"

"समितीवाले फायली न्यायला आले, पाच मिनिटं. हाझिम पुस्तक द्यायला आला, पण उंबरा ओलांडायची हिंमत नाही झाली त्याची. आणि लमीसबाई."

"ती कशाला?"

"चाळिसाव्याच्या कार्यक्रमासाठी सरांचे फोटो हवे होते तिला. दार लावून बसली बिचारी. रडत असेल."

लमीस, सरांची साहाय्यक, शेजारच्या खोलीत बसली होती. डोळे सुजलेले, पुढ्यात सरांच्या जुन्या व्याख्यानांच्या टेपा.

"हाझिमवर संशय आहे का तुमचा?" तिने विचारलं. "त्याला साधी वायर जोडता येत नाही, मॅडम. आमच्या घरातला मुलगा आहे, मला माहीत आहे."

"तू सरांच्या खोलीत काय करत होतीस?"

"सरांसाठी फातिहाची प्रार्थना म्हटली आणि निघाले. बसवेना मला तिथं."

तहानीमॅडम स्टुडिओत परतल्या. कानांवर हेडफोन चढवला.

बोलण्याआधी सर नेहमी अर्धं मिनिट नुसती खोलीची शांतता मुद्रित करत. त्यासाठी मनगटावरचं घड्याळसुद्धा खणात ठेवत. सगळे ते अर्धं मिनिट ओलांडून थेट आवाजापाशी जात. मॅडमनी ते तीनदा ऐकलं. काही नाही. चौथ्यांदा आवाज पूर्ण वाढवला आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

एक वाजता समितीपुढे, नर्मीन आणि लमीसच्या देखत, त्यांनी तेच अर्धं मिनिट वाजवलं.

"काय ऐकू येतं?"

"काहीच नाही," विभागप्रमुख म्हणाले.

"मलाही तीनदा नाही आलं. लिफ्टमध्ये, वाण्याकडे, टॅक्सीत हा आवाज दिवसभर असतो, म्हणून आपला कान तो ऐकतच नाही. नीट ऐका. कुराणपठण आहे. ज्या माणसाला घड्याळाची टिकटिक चालत नसे, तो शेजारी रेडिओ लावून बसेल? सर जिवंत असताना त्या खोलीत रेडिओ नव्हताच. काकांनी तो दफनाच्या दिवशी लावला. म्हणजे ही शांतता सरांच्या मृत्यूनंतरची आहे."

मॅडमनी रेकॉर्डर बंद केला.

"शब्द सरांचेच आहेत. नावं व्याख्यानांच्या टेपांतल्या हजेरीतली, 'फिल्म तिची नाही' हे दुसऱ्या कुणाच्या जुन्या शेऱ्यातलं. तुकड्यांचे जोड झाकायला खाली त्या खोलीची शांतता हवी होती, ती घ्यायला दार लावून बसावं लागतं. टेपा कुणाकडे होत्या? दार कुणी लावलं? आणि बसवलं नाही असं मला कोण म्हणालं? तारीख मागे नेणं तर पोरखेळ आहे. लमीस, तूच बोल आता."

लमीसने मान खाली घातली.

"हाझिम माझ्या मावशीचा मुलगा," ती म्हणाली. "त्या मावशीनेच मला वाढवलं. तिने एवढंच मागितलं होतं माझ्याकडे." मग तिला रडू फुटलं. "रोज त्यांचे शब्द कापत बसायचे मी. वाटायचं, मागे उभे राहून बघतायत."

तहानीमॅडमना तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. सकाळी तो आवाज ऐकून त्यांना क्षणभर आनंद झाला होता.

नर्मीन उठली. सुटल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता.

"खरा शेरा होता ना? त्याचं काय केलंस?"

"पुसला."

"तू ऐकला होतास?"

"हो."

"मग सांग. आता तो फक्त तुझ्याकडे आहे."

लमीसने मान वर करून नर्मीनकडे पाहिलं.

"खूप हसले आधी. म्हणाले, पोरीच्या फिल्ममध्ये चूक काढायला दोनदा बसलो, सापडली नाही." तिने डोळे पुसले. "मग म्हणाले, तिला सांगा, तिचा मास्तर पास झाला."