फौजदारांचे तीन दात

मनुष्य जन्माला येतो तेव्हा त्याच्या तोंडात दात नसतात, आणि जातो तेव्हाही बहुधा नसतात. मधल्या धामधुमीलाच जग इतिहास म्हणतं. निवृत्त फौजदारांच्या इतिहासातले पुढचे तीन दात मात्र मंगळवारी सकाळी, तोंडात बसायच्या आधीच, नाहीसे झाले.

फौजदार तेव्हा दातांच्या लॅबच्या बाहेरच्या खोलीत आबांशी बुद्धिबळ खेळत होते. आबा म्हणजे मालकीणबाईंचे सासरे. पंधरा दिवस त्यांच्या एका पांढऱ्या घोड्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण उभं होतं. आज घोडा परतला होता.

"सापडला वाटतं?"

"सोफ्याखाली होता," दारातून भावजी म्हणाले. हे मालकीणबाईंचे धाकटे दीर. वरच्या मजल्यावर संगणकावर दातांचे आकार आखत. "मीच काढला. घोडा मी हरवला म्हणून आबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं."

"अजून सुरू कुठे केलंय," आबा पटावरून मान न उचलता म्हणाले.

फौजदारांनी दहाव्या मिनिटाला तो घोडा मारला आणि बोटं पँटला पुसली. काळ्या पँटवर पांढरी रेघ उमटली.

तेवढ्यात आतून मालकीणबाईंचा आवाज चढला. फौजदार उठले. सवय जात नाही.

आत पाच अक्षांचं मिलिंग मशीन उघडं होतं. विमानाची पाती कोरणाऱ्या अवाढव्य यंत्रांचं हे कपाटाएवढं धाकटं भावंड. ज्या पांढऱ्या चकतीतून दात कोरायचे, तिला एक मोठं भोक होतं. दात नव्हते. कटर मोडलेला होता.

"तू मोडलेस आणि फेकून दिलेस," मालकीणबाई मशीन चालवणाऱ्या ताईला म्हणाल्या. "दुपारपर्यंत टेबल रिकामं कर."

"बाई, सहा वर्षं झाली मला इथे. असा ठपका घेऊन निघाले तर दुसऱ्या लॅबमध्ये मला कोण उभं करेल?"

फौजदारांनी तोंडावर हात धरला. पुढच्या फटीतून शीळ निघे, आणि शीळ घालत तपास करणं त्यांना शोभत नव्हतं.

"ताई, काल काय केलंत?"

"सहाला तुमचे दात कोरायला लावले आणि घरी गेले. आठला मशीन आपोआप थांबतं. दात चकतीलाच बारीक काड्यांनी धरलेले राहतात. सकाळी सोडवायचे, भट्टीत घालायचे."

"भट्टी कशाला?"

"कोरल्यावर ते खडूसारखे असतात, साहेब. हाताला लागतात. भाजल्यावर घट्ट होतात आणि आक्रसतात. म्हणून मशीन आधीच सगळं सव्वापट मोठं कोरतं."

"भट्टीची किल्ली?"

तिने गळ्यातली दोरी दाखवली. "एकच आहे."

फौजदारांनी चकती उजेडाला धरली. भोकाची एक बाजू तीन दातांएवढी होती. दुसरी बरीच लांब.

"ही लांब बाजू कुठल्या दाताची?"

"माणसाच्या तर नाही," ताई चकती निरखत म्हणाली. "साहेब, हे मी लावलेलं नाही."

फौजदार बाहेर गेले आणि दोन्ही पांढरे घोडे घेऊन आले. टेबलावर शेजारी ठेवले. एक दुसऱ्यापेक्षा डोक्याने उंच होता.

"बाई, मोजा."

मालकीणबाईंनी कॅलिपर लावला. एकदा. पुन्हा एकदा. "सव्वापट," त्या हळूच म्हणाल्या.

"सोफ्याखाली घोडा वाढत नाही," फौजदार म्हणाले. शीळ निघाली, पण कुणी हसलं नाही. "हरवलेल्या घोड्याच्या जोडीदाराचं स्कॅनिंग झालं. मशीन थांबल्यावर कुणीतरी परत आलं आणि त्याच चकतीत उरलेल्या जागी घोडा कोरायला लावला. जागा कमी पडली. कटर माझ्या दातांतून गेला आणि शेवटी मोडला. ताईंनी घोडा केला असता तर भाजून बरोबर मापाचा केला असता. किल्ली त्यांच्याच गळ्यात आहे. हा कच्चाच पटावर आला, कारण करणाऱ्याकडे किल्ली नव्हती. आणि हा सोफ्याखाली सापडला असं एकाच माणसाने सांगितलं. खरं ना, भावजी?"

भावजींनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत दातांचे तुकडे होते.

"आबा पंधरा दिवस बोलले नाहीत हो," ते पुटपुटले. "वहिनी, मी सांगणारच होतो."

"कधी? ही घरी गेल्यावर?" मालकीणबाई ताईकडे वळल्या. "चुकलं माझं. तू कुठेही जायचं नाहीस. आणि भावजी, आजपासून मशीनला कुलूप. किल्ली हिच्याकडे."

ताईने डोळे पुसले, मोडका कटर काढला आणि नवी चकती लावली. "साहेब, तुमचे दात उद्या."

दारात आबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, फौजदारांकडे पाहिलं, मग मोठा घोडा उचलून ताईपुढे धरला.

"पोरी, उद्या यांचे दात भट्टीत घालशील तेव्हा कोपऱ्यात हाही ठेवशील का?"