कच्ची शिवण

बांधल्या का पिशव्या? स्वेटर, टोप्या, जाड पांघरुणं? बरं. हवेचा काही नेम नाही हल्ली. सकाळी ऊन, दुपारी वारा, रात्री पाऊस. तयारीनं जावं, त्यात वाद नाही. पण तंबू कुणाकडून आणला, एवढंच विचारलं मी, तर तुमचा दादा हसला. हसू दे. लाईट येईपर्यंत तसंही काही सुचणार नाही तुम्हाला. बसा. ती मेणबत्ती जरा लांब ठेव, डोळ्यावर येते.

मास्तरची गोष्ट सांगतो. शाळेतला मास्तर नव्हे, गाड्यांची सीटकव्हरं शिवणारा. मी टॅक्सी चालवायचो तेव्हापासूनचा माझा दोस्त. शिवणीच्या बाबतीत असा खाष्ट, की समोरचा माणूस आपलं दुःख सांगत असला तरी याचं लक्ष त्याच्या कॉलरीकडे. एक टाका वाकडा दिसला की झालं, रात्रभर झोप नाही. बायको म्हणायची, माझ्याशी लग्न केलं तेही ब्लाऊज बघूनच.

त्याला दोन मुलं. मोठा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. मुलीला दमा. आदल्या थंडीत तिचा दमा इतका वाढला, की आठवडाभर दवाखान्यात नाकावर मास्क लावून पडलेली. मी गेलो होतो बघायला. मास्तर खाटेशी बसून तिच्या चादरीची उसवलेली कड हातानं शिवत होता. तेव्हापासून हा माणूस हवेला घाबरायला लागला. सर्दी, ओल, वारा, काही म्हणजे काही तिच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही.

आणि त्या पोरीनं हट्ट धरला, तलावाकाठी तंबूत राहायचं. वर्गातली सगळी जाऊन आली होती. डॉक्टर म्हणाले, न्या, फक्त ओल लागू देऊ नका, दम्याचा पंप जवळ ठेवा. मग काय, मास्तरला कामच मिळालं.

नवा तंबू परवडेना. एका बाईंकडे जुना विकायला आहे असं कळलं. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मास्तर गेला. बाईंनी तंबू आधीच दारात काढून ठेवलेला. मास्तरला आत या म्हणाल्या नाहीत. तुम्हाला मुलं आहेत का, विचारलं. आहेत, असं कळल्यावर म्हणाल्या, "मागच्या बाजूला एक शिवण आहे. ती तेवढी तशीच राहू द्या."

आता मास्तरला असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नको म्हणण्यासारखं.

दुकानात आणून त्यानं तंबू पसरला. मागच्या भिंतीला हातभर लांब चीर होती, खालून वर गेलेली. चिरीवर धावदोरा घातलेला. मोठे मोठे, ढिले टाके. एक दोरा ओढला की सगळं उसवावं, अशी कच्ची शिवण. मास्तरला ती बाई अडाणी वाटली. चिरीचे काठ मात्र त्यानं बोटानं चाचपले, आणि एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. कापड आतून कापलेलं होतं. कुणीतरी आत बसून, बाहेर पडायला.

त्यानं मला हे तेव्हाच सांगितलं होतं. मी म्हटलं, असेल काहीतरी, तुला काय करायचंय. चहा पिऊन मी माझ्या वाटेला लागलो.

आणि त्यानं ती शिवण उसवली. नायलॉनच्या दोऱ्यानं, मशीनवर, दुहेरी, पक्की शिवून टाकली. वर रेक्झिनची पट्टी. दोन्ही जाळीच्या खिडक्यांना झडपा लावल्या. दाराच्या चेनला आतून रेक्झिनचीच पावसाची पट्टी लावली. पाण्याचा थेंब काय, डास आत येणार नाही, असा तंबू. दोन पोरांचे दोन रेनकोट घेतलेच, शिवाय मुलाचा लहानपणचा लाल रेनकोट जास्तीचा म्हणून बरोबर. त्याच्या कोपरावर मास्तरनं मागे कधीतरी सीटकव्हरचं चौकोनी ठिगळ लावलं होतं, काळं. एक जास्तीचा असावा, हे त्याचं म्हणणंच होतं सगळ्या बाबतीत.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. दुपारी पोचले. तंबू उभारला, पोरं मनसोक्त खेळली. मुलगी दमली नाही, खोकली नाही. मास्तरची बायको मला नंतर म्हणाली, भाऊजी, इतका खूश मी त्यांना कधी बघितला नव्हता. झोपताना तिनं त्याच्याकडून सुरी, कात्री, पातं सगळं काढून घेतलं आणि गाडीत ठेवलं. पोरं लोळतात, कुणाला लागायला नको. बरोबरच होतं तिचं.

मुलगी मागच्या भिंतीशी. तिच्या पायाशी पिशवी, पिशवीवर घडी करून तो लाल रेनकोट.

साडेबाराच्या सुमाराला मास्तरला जाग आली. पाऊस. तंबूवर ताशा वाजावा तसा पाऊस. तो पडल्या पडल्या हसला म्हणे. सगळ्या कोपऱ्यांत हात फिरवला. थेंब नाही. बायकोला हलवून म्हणाला, बघ, आत टिपूस नाही. ती म्हणाली, झोपा.

मग त्यानं सहज छताला हात लावला.

कापड कोरडं होतं. ते ठीक, चांगलं शिवलंय. पण एवढा पाऊस वरून पडतोय, तर कापड हलायला पाहिजे. थरथरायला पाहिजे. ते नुसतं ताणलेलं होतं. गप्प. आणि आवाज तर कान फोडत होता.

त्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता.

टक्...

थोड्या वेळानं पुन्हा. टक्...

दुसऱ्या कुणाला कळला नसता. मास्तरचा जन्म गेला त्यात. ताणलेला दोरा तुटतो, त्याचा तो आवाज. एकेक टाका. कुणीतरी शिवण उसवत होतं.

आतून.

त्याला वाटलं, मुलगी झोपेत चाळा करतेय. त्यानं टॉर्च लावला. बायको, मुलगा, मुलगी. तिघं झोपलेली, तिघांचे हात पांघरुणात.

पिशवीवर रेनकोट नव्हता.

तो उभा होता. कोपऱ्यात. टोपी वर, पाठ याच्याकडे, तोंड शिवणीकडे. एवढासा.

टॉर्च गेला.

मास्तर म्हणाला, मी ओरडलो असेन, पण मला आठवत नाही. आठवतो तो मुलीचा श्वास. शिट्टीसारखा. तिला दम लागला होता. पंप उशाशी होता, आईनं चाचपून तोंडाला लावला, एकदा, दोनदा. पंपानं भागेना. तिला हवा पाहिजे होती, आणि आत हवाच नव्हती. खिडक्यांना झडपा. भिंतींना पट्ट्या. सगळं बापानंच बंद केलेलं. अति तिथे माती म्हणतात ते असं.

तो चेनकडे धावला. आतली पट्टी चेनमध्ये अडकली. ओढली, आणखी अडकली. बायको म्हणाली, फाडा. कशानं फाडणार? कात्री गाडीत. नखांनी, दातांनी... ते रेक्झिन होतं. त्याचंच.

मुलीची शिट्टी बारीक होत चालली.

आणि त्या अंधारात त्याच्या हातात एक हात आला. लहान. भिजलेला. गार.

त्या हातानं त्याला ओढलं. मागच्या भिंतीकडे. खाली. त्याची बोटं शिवणीवर नेऊन ठेवली. तिथे पट्टी सुटलेली, टाके तुटलेले होते. दोन बोटं जातील एवढे...

मास्तरनं बोटं घातली आणि फाडलं. वीस वर्षं पक्की शिवण घालणाऱ्या माणसानं अंगातलं सगळं बळ लावून स्वतःची शिवण फाडली. मुलीला आधी बाहेर ढकललं. मग मुलगा. मग बायको. मग तो.

बाहेर...

बाहेर पाऊस नव्हता. चांदणं होतं. गवत कोरडं. तलाव जागच्या जागी. पानसुद्धा हलत नव्हतं.

मुलगी गवतावर बसून श्वास घेत होती. एक, मग दुसरा. हळूहळू ती शिट्टी थांबली. मास्तर तिथेच ढसाढसा रडला. मग मुलाला जवळ घेऊन म्हणाला, शाबास रे, तू जागा दाखवलीस म्हणून.

मुलगा म्हणाला, "बाबा, मी आईला धरून होतो."

मास्तरनं आपला हात बघितला. मनगटापर्यंत ओला.

उजाडेपर्यंत चौघं गाडीत बसली. सकाळी त्यानं एकट्यानं जाऊन सामान काढलं. तंबू आतून बाहेरून कोरडा ठणठणीत. सगळ्या वस्तू मिळाल्या. पंप, टॉर्च, पोरांचे दोन रेनकोट. लाल तेवढा नाही. त्यानं पिशव्या उलट्या केल्या, काठापर्यंत शोधलं. नाही.

घरी जाऊन पोरांना झोपवलं आणि संध्याकाळी तो मला घेऊन त्या बाईंकडे गेला. एकटा जायची हिंमत नव्हती त्याची, आणि खरं सांगायचं तर माझीही फारशी नव्हती. तंबू परत द्यायचा, पैसे नको म्हणायचं, एवढंच ठरलं होतं. स्वच्छ ऊन होतं. आठ दिवसांत पावसाचं नाव नव्हतं गावात.

बाईंनी दार उघडलं. मास्तरनं तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "उसवलीत ना शिवण?"

त्यानं मान हलवली.

त्यांनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, "मी मुद्दाम कच्ची घातली होती, माझ्या पोराला आतून उसवता यावी म्हणून. त्याच्या हाताला जोर कमी." मग म्हणाल्या, "तुमची मुलगी बरी आहे?"

बरी आहे, मास्तर म्हणाला. पण तो बाईंकडे बघत नव्हता. मला कोपरानं ढोसलं त्यानं. मीही बघितलं.

त्यांच्या मागे, दाराआडच्या खुंटीवर, एक लाल रेनकोट लटकत होता. लहान मुलाचा. कोपरावर काळं, चौकोनी ठिगळ.

त्याच्यातून पाणी गळत होतं. खाली फरशीवर थारोळं साचलं होतं, आणि त्या थारोळ्यातून निघून, आतल्या खोलीकडे, लहान लहान ओली पावलं गेली होती.