घडीचं ऊन

"सोड ते!" टिचकी किंचाळली, पण तोवर एका दाढीवाल्याने आजोबांच्या कपाळावर काठी हाणली होती. सोलर पॅनेलची घडी काखेत मारून तो झाडीत पसार झाला. आजोबा रक्ताने माखले होते.

जंगलातल्या मामाच्या चौकीत वीज नव्हती. आजोबांचं श्वासाचं यंत्र चालायचं बॅटरीवर, आणि ती भरायची त्या पॅनेलवर. आता ती संध्याकाळपर्यंतही पुरणार नव्हती!

"दवाखाना गाठायचा तर गाडी पंक्चर! आणि एवढ्या रानात लपवलेली वस्तू शोधायची कुठे?" वनरक्षक मामा हताश झाला.

"लपवून त्याला उपयोग काय? उन्हात पसरावंच लागेल ना!" टिचकी म्हणाली.

"पण चौकीचं अंगण सोडलं तर इथे उन्हाला जागाच नाही," तिचा मावसभाऊ म्हणाला. त्याला सगळे वकील म्हणत. वाद घालण्यात त्याचा हात कोण धरणार! मग तोच थबकला. "म्हणजे... जिथे झाडं तोडलीत तिथे!"

दोघं मागच्या सुळक्यावर चढली. झाडीतल्या एका मोकळ्या तुकड्यात निळं काहीतरी चमकलं. टिचकीने नेहमीसारखं मागोमाग आलेल्या धाकट्या भावाला, शेपटाला, मामाकडे पिटाळलं आणि दोघं त्या तुकड्याकडे उतरली.

उतारावर चोरून तोडलेल्या ओंडक्यांची रास पाचरीवर अडवलेली होती. वकील तिथेच दबा धरून बसला. खाली पॅनेलवर बॅटरीची करवत चार्ज होत होती. टिचकीने सरपटत जाऊन घडी घातली, तोच दाढीवाल्याने तिची वेणी धरून तिला बुंध्यावर आपटलं. ओठ फाटला. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली, रक्ताची चव येईपर्यंत! पकड सुटताच घडी घेऊन तिने खडकाआड उडी टाकली.

"वकील, पाचर!"

वकिलाने दगडाने पाचर उडवली. ओंडके गडगडत सुटले. दाढीवाल्याचं नडगीचं हाड काडकन मोडलं आणि तो गुरासारखा ओरडला. झाडीतून बाहेर पडलेल्या त्याच्या जोडीदाराने कुऱ्हाड उगारली, पण शेपटामागून धावत आलेल्या मामाची काठी त्याच्या हातावर बसली. कुऱ्हाड खाली पडली.

चौकीपुढे पॅनेल पसरलं, तेव्हा यंत्र शेवटचे आचके देत होतं. मग ते पुन्हा घरघरू लागलं. आजोबांच्या निळ्या ओठांवर रंग आला आणि टिचकीला रडू फुटलं.

"रोज गस्त घालून मला न दिसलेली तोड पोरांनी शोधली! शाबास रे!" मामा म्हणाला.

आजोबांनी मास्क बाजूला केला. "शाबास, पोरी! पण आधी... चूळ भर. त्या चोराचा हात किती घाण असेल!"