डोळे मिटून विमान चालवणारी

शिवलीलानं थ्रॉटल पुढे ढकलला आणि निहारची कॉफी त्याच्याच शर्टावर सांडली.

बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या त्या छोट्याशा हॉटेलात रविवारी सकाळी जागा मिळणं कठीण. निहार तबल्याचा क्लास आटोपून आला होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक मुलगी डोळे घट्ट मिटून बसली होती. डावा हात हवेत काहीतरी धरल्यासारखा, ओठ पुटपुटणारे... जपबिप चालला असेल, म्हणून तो आवाज न करता समोर टेकला. आणि तिचा उजवा हात एकदम पुढे आला.

"अगं बाई! सॉरी, सॉरी—"

"मराठी?" शर्ट झटकायचं विसरून निहारनं विचारलं.

"निपाणीची. आणि तो थ्रॉटल होता, इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा. टेक-ऑफ करत होते मी."

"अच्छा! मला वाटलं, माझी कॉफी होती."

ती खळखळून हसली. "वैमानिक व्हायला शिकतेय. विमान मिळतं तासभर, बाकी सराव असा खुर्चीत बसून करायचा. सगळेच करतात."

"म्हणजे मी धावपट्टीवर आलो?"

"तेसुद्धा परवानगी न घेता!"

पुढच्या रविवारी निहार तिच्याआधी हजर. आठवडाभर बेळ्ळंदूरच्या ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा हा पुण्याचा मुलगा रविवारी तिच्या चुका शोधू लागला. उड्डाणाआधीच्या तपासणीच्या यादीचा तिचा कागद हातात धरून तो एकेक विचारायचा, ती डोळे मिटून उत्तर द्यायची. मिटलेल्या पापण्या थरथरायच्या, आणि निहारची ओळ हटकून चुकायची.

"इंधन दोनदा विचारलंस," ती डोळे न उघडता म्हणायची. "कागदाकडे बघ की जरा."

हळूहळू त्याला कळत गेलं. ती यल्लव्वामावशीकडे राहायची, पहाटे उठून दोन बस बदलत शहराच्या टोकाला असलेल्या धावपट्टीवर जायची. हवामानशास्त्राच्या पेपरात ती दोनदा नापास झाली होती.

"दोनदा?"

"ढग पाठ केले होते ना. आता रोज मान वर करून बघते."

तिसऱ्यांदा ती पास झाली, तीही चांगल्या मार्कांनी.

मग एका रविवारी ती आली तीच गप्प. आदल्या दिवशी एकटीनं म्हैसूरला विमान न्यायचं होतं. अर्ध्याहून जास्त वाट कापल्यावर समोर ढग दाटून आले आणि ती परत फिरली. तिच्यामागून निघालेला, तिच्याबरोबर शिकणारा कार्तिक मात्र ढगांच्या फटीतून जाऊन आला. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

"भीती वाटली?" निहारनं हळूच विचारलं.

"वाटली. पण भीतीमुळे नाही फिरले. पलीकडचं दिसत नव्हतं, म्हणून फिरले." तिनं कप बाजूला सारला. "आम्हाला विमान शिकवणाऱ्या हयवदन सरांनी नंतर एकटीला बोलावलं. म्हणाले, तू परत फिरलीस, म्हणून उद्या तुझ्यामागे माणसं बसवता येतील."

ऑफिसात प्रत्येक गोष्टीला मुकाट्यानं हो म्हणणाऱ्या निहारला ही मुलगी त्या क्षणी फार मोठी वाटली... आणि फार आपली.

लायसन मिळालं. मुलाखती झाल्या. विमान कंपनीचं पत्र आलं, त्या संध्याकाळी मावशीनं पुरण शिजायला टाकलं. गच्चीवर दोघंच होती.

"सहा महिने हैदराबादला ट्रेनिंग," ती म्हणाली. "मग देतील ते शहर."

"वा... छानच की."

"एवढंच?"

"तुला अडवेल असं काही बोलायचं नाहीये मला."

तिनं कमरेवर हात ठेवले. "मला कोण अडवतंय? म्हैसूरच्या वाटेवर माझं मीच ठरवलं ना? आताही मीच ठरवेन. पण समोर काय आहे ते दिसायला नको? बोल की!"

निहार तिच्याकडे वळला. "मला तू आवडतेस. फार. तुला कुठलंही शहर देऊ देत, तरी."

"सरी," ती कानडीत म्हणाली.

"नुसतं 'बरं'? मराठीत सांग ना."

एकटीनं आभाळात जाऊन आलेल्या त्या मुलीला खाली बघावं लागलं. "मलाही... तूच," ती कशीबशी म्हणाली आणि जिन्याकडे पळाली.

दीड वर्षानंतर बेंगळुरूहून गोव्याला निघालेल्या विमानात निहारच्या शेजारी मल्लाप्पा बसले होते, शिवलीलाचे वडील. तीस वर्षं सरकारी बस चालवलेला माणूस. आज लेक कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीत होती. विमान खाली येऊ लागलं तसा त्यांचा उजवा पाय पुढच्या सीटखाली करकचून दाबला गेला, आणि चाकं टेकून वेग उतरेपर्यंत तसाच राहिला.

"गाडी हातात आहे पोरीच्या," ते अखेर म्हणाले. डोळे पुसून झाल्यावर निहारकडे वळले. "तुमचंही कळलंय मला. आईवडिलांना घेऊन निपाणीला या."

निहार गडबडला. "कधी येऊ, काका?"

"तिला सुट्टी असेल तेव्हा," मल्लाप्पा म्हणाले. "आता वेळ तिची बघायची."