रिकाम्या कंसातलं नाव

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. त्या दिवसानंतर माझ्या भाचीला, आभाला मी स्वतः पाहिलंय, म्हणून लिहिते आहे.

गेल्या वर्षीचा मार्च. मंगळवार, भर दुपारचे तीन. गंगापूर रोडवरचा उत्तराचा फ्लॅट.

उत्तरा माझी सख्खी मावसबहीण. तिची कंपनी स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा वापरते. वाक्य लिहायचं, नावापुरता कंस मोकळा सोडायचा. प्रोग्राम चालला की नाव आपोआप त्यात येऊन बसतं. खोट एकच होती. नाव मिळालं नाही तरी वाक्य गुपचूप तसंच पुढे जायचं.

उत्तराला हे ठाऊक होतं. "किरकोळ आहे गं, बघू नंतर," म्हणाली होती.

मग पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम सुटायच्या वेळी याच प्रोग्राममधून यादी निघाली. प्रत्येक ओळीत कामावरच्या एकेका बाईचं नाव आणि पुढे 'बाहेर पडली'. एका ओळीत नावच नव्हतं, नुसतं 'बाहेर पडली'. मुकादमाने ओळी मोजल्या. आकडा जुळला. त्याने बाहेरून कडी घातली.

हरसूलची चिमणाबाई आतच होती.

सकाळी सापडली.

कंपनीने तोंडावर बोट ठेवलं. उत्तरानेही. बहीण असली म्हणून काय झालं, मला तिचा संताप येतो.

त्या मंगळवारी ती घरून तीच खोट दुरुस्त करत होती. नाव नसेल तर आता प्रोग्रामने थांबायचं, चूक दाखवायची. तपासायला तिने मुद्दाम कंस रिकामा ठेवून प्रोग्राम चालवला. स्क्रीनवर आलं...

'चिमणाबाई आत आहे.'

तिने सगळा कोड धुंडाळला. ते नाव कुठेच नव्हतं.

पुन्हा चालवला...

'चिमणाबाई आत आहे. कडी काढ.'

तेवढ्यात मोबाईल वाजला. तिच्या लेकीच्या, आभाच्या शाळेच्या बसचे मेसेज तिचीच कंपनी पाठवते. रोज येतो, 'आभा बसमधून उतरली.'

आज आला, 'चिमणाबाई बसमधून उतरली.'

जिन्यात पावलं वाजली... सावकाश... अनवाणी.

उत्तराने धावत जाऊन कडी लावली. पोटची पोर बाहेर आहे, हेही तिला सुचलं नाही.

"आई, उघड ना."

आवाज आभाचाच. तरी उत्तराचा हात कडीकडे जाईना.

"उघड ना बाई... लय गार हाय."



कितीतरी वेळाने तिने दार उघडलं. मार्चच्या उकाड्यात आभा उंबऱ्याशी बसली होती. ओठ निळे पडलेले. तिने मान वर केली.

"तुला ठावं व्हतं ना?"

आता त्या घरात एकाही दाराला कडी नाही. परवा गेले तेव्हा आभाने माझा हात धरला. बोटं अजून गार आहेत.

आईला ती आई म्हणत नाही. बाई म्हणते.