दुसऱ्या गाडीची चाकं

मिस्त्री अंगानं चांगला आडवा, तरी ताई त्याला बारक्याच म्हणायची. गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, शेजाऱ्यांसमोर म्हणायची, तो चिडला की आणखी मोठ्यानं म्हणायची. आईबाप लवकर गेले. ताईनंच त्याला वाढवलं आणि स्वतः लग्नाच्या भानगडीत पडली नाही. कुणी विचारलंच तर सांगायची, "एक पोरगं वाढवून दमले बाई, आता आणखी कुठली हौस?" गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत भाऊ-बहीण राहत. तो गाड्या दुरुस्त करी, ती पिकअपमधून बेकरीचे पाव दुकानादुकानांत पोचवी. तिच्याशिवाय मिस्त्रीला जगात कुणी नव्हतं, आणि हे तो कधी बोलून दाखवत नसला तरी विसरतही नव्हता.

त्या उन्हाळ्यात पिकअप एका खड्ड्यात अशी आदळली की पुढच्या दोन्ही चाकांच्या लोखंडी डिस्क वाकल्या. मागच्या दोन्हींवर तर आधीपासूनच वेल्डिंगची ठिगळं होती. कंपनीकडे चौकशी केली. माल मागवावा लागेल म्हणाले, कधी येईल ते सांगता येणार नाही म्हणाले. पाव काय तोवर भट्टीत बसून राहणार?

"दुसऱ्या कंपनीची बसव की," ताई म्हणाली. "चाक ते चाक."

"तसं नसतं गं. प्रत्येकाचं माप वेगळं असतं."

"मग तू मिस्त्री कशाला झालास, बारक्या?"

तो उठला आणि भंगारवाल्याकडे गेला. तिथं कुंपणाला लागून एक पिकअप पडली होती, दुसऱ्याच कंपनीची. टपापासून बॉनेटपर्यंत नुसता चेंदामेंदा. चाकं मात्र चारही धड, ओरखडासुद्धा नाही. मिस्त्रीनं प्रत्येक डिस्क बोटानं वाजवून पाहिली. कुठं तडा असता तर आवाज फुटका आला असता. तसा आला नाही.

"कुणाची होती गाडी?" त्यानं विचारलं.

"ते आपण विचारत नाही बाबा," भंगारवाला म्हणाला. "फाटकातून आत आलं, की ते लोखंड."

घरी आणून मिस्त्रीनं मापं घेतली. बोल्ट सहा, भोकं सहा, अंतरं बरोबर. फक्त मधलं मोठं भोक हबपेक्षा अर्ध्या सुतानं जास्त होतं. हब म्हणजे चाकाच्या पोटात जाणारा लोखंडी गड्डा. गाडीचा भार त्यावर पेलायचा असतो, नुसत्या बोल्टांवर नाही. तिथं फट राहिली की चाक थरथरत राहतं आणि कधीतरी भर रस्त्यात बोल्ट तुटतात. उपाय सोपा होता. त्या फटीत बसतील अशा चार रिंगा त्यानं लेथवाल्याकडून कातून आणल्या. काम चोख होतं.

दुपारी पहिलं चाक उचलून हबवर टेकवलं, हात काढायच्या आत ते 'खट' करून आत बसलं. रिंग लावायला गेला, तर रिंग जाईना. फटच नव्हती. त्यानं चाक काढलं, मापाचा व्हर्नियर पुसला, पुन्हा माप घेतलं. भोक आणि हब तंतोतंत. दुसरं चाक, तेच. तिसरं, चौथं, तेच.

"सकाळी काय झोपेत होतो का मी?" तो स्वतःशीच पुटपुटला.

कारागिराची एक खोड असते. न बसणाऱ्या वस्तूशी तो दिवसभर झगडेल, पण बसलेल्या वस्तूला जाब विचारणार नाही. मिस्त्रीनं नट आवळले आणि रिंगा खणात टाकून दिल्या.

ताई संध्याकाळी फेरी करून आली ती हरखूनच. "अरे, काय चालते गाडी! मी नुसता हात ठेवते, वळणं तीच घेते."

"मग उद्यापासून तू घरी बस, तिलाच पाठवतो."

दोघंही हसले.

पुढं एकदा गाडी धुताना मिस्त्रीला डिस्कच्या आतल्या बाजूला चिखल दिसला. काळा, ओला, शेवाळाचा वास येणारा. महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नव्हता आणि ताईचा सगळा रस्ता डांबरी. त्यानं खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तितकाच होता.

"कुठल्या रस्त्यानं गेली होतीस?"

"नेहमीच्याच," ताई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना तिचं नाक लाल होतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

गाडी ती सरळ लावायची, किल्ली काढायची, किल्ली खिळ्याला अडकवायची. सकाळी पुढची चाकं डावीकडं पार वळलेली असायची. मिस्त्रीनं स्टिअरिंग तपासलं, सांधे तपासले, चाकांची अलाइनमेंट करून आणली. यंत्रावर तसूभरही फरक नाही. अलाइनमेंटवाला म्हणाला, इतकी सरळ गाडी मी कधी पाहिली नाही.

मग बेकरीवाला आला. भला माणूस, पण त्या दिवशी दारातच उभा राहिला. "मिस्त्री, राग मानू नका. तुमची ताई मधेच कुठं जाते? दुकानदार ओरडतात. विचारलं तर म्हणते, मी कुठं थांबलेच नाही."

त्या दुपारी जेवताना मिस्त्रीनं विषय काढला. ताईनं भाजी वाढता वाढता सांगितलं, "अरे, मुलांना वाढून येईपर्यंत उशीर होतोच."

"कुणाच्या मुलांना?"

ताईचा हात भांड्यावरच राहिला. "मी काय म्हणाले?"

"मुलांना वाढून, म्हणालीस."

"काहीतरीच तुझं." ती हसली. पण जेवण झाल्यावर तिनं दोन पाव कागदात गुंडाळले आणि आपल्या पिशवीत ठेवले. अगदी सहज, रोजचं काम असावं तसं.

दुसऱ्या दिवशी ताईचं डोकं दुखतंय असं निमित्त झालं, म्हणून फेरीला तोच गेला. बेकरीच्या पुढं रस्ता फुटतो. उजवीकडं बाजार. डावीकडं एक अरुंद रस्ता उतरत जातो. मिस्त्रीचा जन्म या गावात गेला होता, पण त्या उतारावर आपण कधी गेल्याचं त्याला आठवेना. गाडी डावीकडं ओढू लागली. झटका नाही, हिसका नाही. पोरगं बोट धरून ओढतं ना, तेवढीच. पण सोडेना. त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडं दाबून धरलं, दात आवळले, घामाघूम झाला. बाजारात पोचला तेव्हा खांदे भरून आले होते.

बस झालं, त्यानं ठरवलं. फेरी आटोपून तो तडक गॅरेजात आला, गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली आणि चारही चाकं उतरवली. ताईच्या गाडीच्या जुन्या डिस्क त्यानं ठोकून सरळ करून ठेवल्या होत्या. त्यातली एक उचलून हबवर टेकवली.

जाईना.

पालथी करून पाहिली, ग्रीस लावलं, लाकडी हातोड्यानं ठोकलं. जाईना म्हणजे जाईना. ज्या हबवर ती डिस्क वर्षानुवर्षं बसली होती, त्याच हबवर. त्यानं व्हर्नियर लावला. पुसून पुन्हा लावला.

हब अर्ध्या सुतानं वाढला होता.

लोखंड गंजतं, झिजतं, वाकतं. वाढत नाही. मिस्त्रीला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या हत्यारांची भीती वाटली. पण मघापासून मनात होतं ते त्यानं पुरं केलं. ती चारही चाकं हातगाडीवर घातली आणि ढकलत भंगारवाल्याच्या फाटकात नेऊन टाकली. परत येताना त्याला हलकं वाटत होतं. गाडी बिनचाकाची घोड्यांवर उभी. आता जाईल कुठं? ताईला चार दिवस घरी बसवू, चिडचिड करेल, करू दे. मग सगळं होईल ठीक.

"ताई," त्यानं गॅरेजातूनच हाक दिली, "चहा टाक गं."

खोल्या उघड्या होत्या. आत कुणी नव्हतं. तिची पिशवी खुंटीवर नव्हती.

तो धावत सुटला.

ती बेकरीच्या पुढं दिसली. पदपथ सोडून ऐन रस्त्यातून चालली होती, गाडीच्या वेगानं नाही, पण गाडीच्या जागेवरून. दोन्ही हात छातीसमोर जरासे उचललेले. मागून भोंगे वाजत होते. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"ताई! अगं ताई!"

फाट्याशी तिचे हात डावीकडं फिरले आणि मागोमाग ती वळली.

उतारावर डांबर संपलं. मिस्त्रीच्या चपला चिखलात रुतू लागल्या. काळा, ओला चिखल, आणि तो शेवाळाचा वास. वर ऊन रणरणत होतं.

शेवटच्या घरापाशी त्यानं तिला गाठलं. घर बैठं, कौलारू. दार बंद होतं. त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"चल. घरी चल."

"घरीच तर आलो, बारक्या," ताई म्हणाली. आवाज तिचाच होता. डोळेही तिचेच, मायेचे. तेच वाईट होतं. ती वेडी झाली असती, अनोळखी झाली असती, तर त्यानं तिला खांद्यावर टाकून नेलं असतं.

आतून पळत येणारी लहान पावलं वाजली.

"आई आली!"

मग दुसरा आवाज, आणखी लहान. "आज मामा पण आलाय!"

मिस्त्रीला रडू फुटलं. एवढा आडवा माणूस, पोरासारखा रडला. "ताई, नको जाऊ गं. मला तुझ्यावाचून कुणी नाही."

तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "वेडा आहेस का? मी कुठं तुला बाहेर ठेवतेय?"

दार उघडलं. आत अंधार होता आणि ताज्या पावांचा वास येत होता. ती आत गेली. मनगट त्यानं सोडलं नव्हतं.

चौकट बुटकी होती. डोकं आपटू नये म्हणून त्यानं मान वाकवली, नेहमीसारखी.